एका खेळाचा नियमकर्ता : जेम्स क्रेटन

कॅनडाची राजधानी जें ऑटावा शहर, तेथें बीचवुड नांवाची एक जुनी दफनभूमि आहे. १९३० सालच्या जून महिन्यांत वारलेल्या ऐशीं वर्षांच्या एका कायदेपंडिताचें थडगें तेथें आहे. त्याची पत्नी एलेनॉर हिचीही जागा तेथेंच आहे. परंतु या दोघांच्या जागेवर नांवाचा साधा दगडही कोणीं बसविला नव्हता. अशीं जवळजवळ ऐशीं वर्षें गेलीं. मग ऑक्टोबर २००९ मध्यें हॉकीच्या इतिहासाचें संशोधन करणाऱ्या एका संस्थेनें वर्गणी जमवून तेथें दगड उभारिला, आणि त्या प्रसंगीं देशाचे तत्कालीन पंतप्रधान स्टीफन हार्पर हे जातीनें हजर राहिले. दगडावर नांव कोरलें गेलें तें जेम्स जॉर्ज एलविन क्रेटन याचें. बर्फावरील हॉकी हा कॅनडाचा केवळ खेळ नव्हे, तर त्या राष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे. आणि त्या खेळाला आजचें रूप ज्याच्या हातून आलें तोच पुरुष त्याच राष्ट्राच्या राजधानींत इतकीं वर्षें निनांवी पडून राहिला! असें कां व्हावें, याचा विचार करूं लागलें असतां एका मनुष्याच्या चरित्राहून कांहीं अधिक हातीं लागतें. म्हणून हा लेख.

आपल्या देशांत हॉकी म्हटली कीं ध्यानचंदांचें नांव आणि मोकळें मैदान डोळ्यांपुढें उभें राहतें. कॅनडांत त्याच शब्दानें निराळेंच चित्र उभें राहतें. चहूंकडून भिंतीनें बंदिस्त केलेलें बर्फाचें आंगण. गड्यांच्या पायांत पोलादी पात्यांचे जोडे, ज्यांस स्केट्स म्हणतात. हातांत टोंकाशीं वांकविलेली काठी. आणि चेंडूच्या ऐवजीं कठीण रबराची एक चपटी वाटोळी चकती. या चकतीला ‘पक’ असें नांव आहे. आज प्रत्येक बाजूस सहा गडी असतात. पायाखालचा बर्फ घर्षणास जवळजवळ वावच देत नसल्यामुळें या खेळाचा वेग असा कीं, नवख्या प्रेक्षकाला कित्येक वेळां चकती दिसतच नाहीं; गड्यांच्या माना वळतात तिकडे ती असेल असें समजावयाचें.

हा खेळ अमक्या दिवशीं अमक्या पुरुषानें शोधून काढिला असें म्हणतां येत नाहीं. आपल्याकडील विटीदांडूची उत्पत्ति जशी कोणास सांगतां यावयाची नाहीं, तशीच गोठलेल्या तळ्यावर काठीनें कांहीं तरी टोलवीत धांवण्याची. स्कॉटलंडांत शिंटी, आयर्लंडांत हर्लिंग, इंग्लंडांत बँडी, हे सारे या खेळाचे आप्तच. प्रख्यात सृष्टिशास्त्रज्ञ चार्लस डार्विन यानें १८५३ सालीं रग्बीच्या शाळेंत शिकणाऱ्या आपल्या मुलाला एक पत्र लिहिलें. त्यांत, तुझ्याकडे स्केटिंगला चांगलें तळें आहे काय, अशी विचारपूस करून, आपणांस बर्फावर स्केट्स घालून हॉकी खेळण्याची फार आवड होती असें त्यानें कळविलें आहे. म्हणजे क्रेटन हा तीन वर्षांचाही झाला नसतांना डार्विन आपल्या तारुण्यांतील हॉकीच्या आठवणी काढीत होता! ज्याच्या जन्मापूर्वीं हा खेळ या रीतीनें चालू होता, त्याला त्याचा जनक म्हणावयाचें तरी कोणत्या आधारावर? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर क्रेटनच्या चरित्रांतच शोधिलें पाहिजे.

क्रेटनचा जन्म १२ जून १८५० रोजीं नोव्हा स्कोशिया प्रांतांतील हॅलिफॅक्स या बंदरीं झाला. हॅलिफॅक्सच्या पलीकडे डार्टमथची तळीं आहेत. हिंवाळ्यांत तीं गोठलीं म्हणजे गांवचे तरुण, बंदरावरील लष्करी शिपाई व खलाशी तेथें जमत आणि हाणामारीच्या जवळपास पोंचणारा असा हॉकीचा खेळ करीत. त्यांच्या हातांतील काठ्या बहुधा मिकमाक लोकांनीं केलेल्या असत. मिकमाक हे त्या प्रांताचे मूळ रहिवासी. ज्या झाडाचें मूळ खोडाशीं नैसर्गिकपणेंच वांकलेलें आहे असें झाड निवडून, खोड व मूळ अशी एकसंध काठी ते तासून काढीत. सांधा नसल्यामुळें ती मोडत नसे. डार्टमथ येथें स्टार नांवाचा एक कारखाना होता. त्यानें १८६०–७० च्या दशकांत पट्ट्यांवांचून खटक्यानें बुटाला बसणारे स्केट्स काढिले, आणि पुढें मिकमाकांच्या काठ्याही तोच विकूं लागला. पात्यांचे जोडे पायाला घट्ट बसूं लागल्यामुळें जलद वळणें, एकाएकीं थांबणें, उलट्या दिशेनें निसटणें हें सर्व साधूं लागलें. अशा गांवांत क्रेटन वाढला.

पदवी घेतल्यावर तो इंजिनियरिंगच्या व्यवसायांत शिरला. सर सँडफर्ड फ्लेमिंग हा त्या काळचा मोठा रेल्वे-इंजिनियर; जगांत प्रमाणवेळेची पद्धति सुरू करण्याविषयीं ज्यानें खटपट केली तो हाच. त्याच्या हाताखालीं इंटरकलोनिअल रेल्वेच्या मोजणीवर क्रेटननें काम केलें, आणि नंतर १८७२ च्या सुमारास तो माँट्रियलला आला. तेथें त्याला एक नवी गोष्ट पाहावयास मिळाली. व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक ही ती इमारत. १८६२ सालीं बांधलेल्या या इमारतींत प्रचंड छपराखालीं २०४ फूट लांब व ८० फूट रुंद असें बर्फाचें आंगण होतें. रात्रीं गॅसच्या दिव्यांनीं तें उजळे. शहरांतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुष तेथें संगीताच्या तालावर स्केटिंग करीत, आणि वर्षांतून कांहीं प्रसंगीं वेषांतराचे समारंभ होत. क्रेटन या मंडळाचा सभासद झाला. स्केटिंगमध्यें तो स्वतः तरबेज होता. बर्फावर पायांनीं आकृति काढण्याच्या कलेंत तो परीक्षकाचेंही काम करी.

३ मार्च १८७५ च्या सकाळीं माँट्रियलच्या ‘गॅझेट’ पत्रांत एक लहानशी सूचना प्रसिद्ध झाली. आज सायंकाळीं रिंकमध्यें सभासदांतून निवडलेल्या नऊ नऊ जणांच्या दोन बाजूंमध्यें हॉकीचा सामना होईल, असें तींत सांगितलें होतें. या सूचनेंतील पुढचा मजकूर विशेष महत्त्वाचा आहे. चेंडू उडून प्रेक्षकांस इजा होईल अशी भीति कित्येकांनीं व्यक्त केली होती. तिला उत्तर म्हणून असें आश्वासन देण्यांत आलें कीं, खेळ चेंडूनें न होतां लांकडाच्या चपट्या वाटोळ्या तुकड्यानें होईल, आणि तो बर्फ सोडून वर जाणार नाहीं. आज जगभर लक्षावधि लोक जिच्यामागें डोळे लावून बसतात ती चकती, प्रेक्षकांच्या डोक्यांची काळजी घेण्याच्या एका साध्या व्यावहारिक विचारांतून या सामन्यांत आली! पुढील वर्षीं, १८७६ मध्यें, त्याच पत्रानें तिला ‘पक’ हें नांव वापरलेलें आढळतें.

त्या संध्याकाळीं एका बाजूचा नायक क्रेटन होता व दुसरीचा चार्लस टॉरन्स. दोन निशाणें सुमारें ८ फुटांच्या अंतरानें रोंवून गोल केला होता. टॉरन्सच्या बाजूवर क्रेटनच्या बाजूनें दोहोंस एक अशी मात केली, आणि साडेनऊच्या सुमारास खेळ आटोपला. ‘गॅझेट’नें दुसऱ्या दिवशीं लिहिलें कीं प्रेक्षक संतुष्ट होऊन घरीं गेले. किंग्स्टन शहराच्या एका पत्रानें मात्र त्याच रात्रीची हकीकत अगदीं निराळी दिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणें तेथें दंगल झाली, डोकीं व नडग्या फुटल्या, बांकें मोडलीं आणि स्त्रिया भेदरून पळाल्या. खरा प्रकार माँट्रियलच्याच दुसऱ्या एका पत्रावरून उलगडतो. खेळ चालू असतां कांहीं मुलें मध्येंच बर्फावर स्केटिंग करीत होतीं; त्यांतील एकाच्या डोक्यावर कोणीं तरी तडाखा दिला, आणि मग मारणाऱ्यास जाब विचारण्यावरून मारामारी जुंपली.

या भांडणाकडे केवळ गंमत म्हणून पाहूं नये. भांडणाचें मूळ होतें तें जागेच्या हक्कांत. हें आंगण कोणाचें? वर्गणी भरून संथपणें फिरावयास येणाऱ्या सभासदांचें, कीं काठ्या घेऊन धांवणाऱ्या अठरा जणांचें? तळ्यावर हा प्रश्न कधींच उद्भवला नव्हता, कारण तळें मोठें होतें. ज्याला नको असेल त्यानें दूर जावें. भिंतींच्या आंत येतांच जागा मोजकी झाली, आणि जागा मोजकी झाली म्हणजे हक्क ठरवावे लागतात, मर्यादा आंखाव्या लागतात, नियम करावे लागतात. तळ्यावर पन्नास जण खेळले तरी चाले. येथें गड्यांची संख्या ठरविणें भाग झालें. तळ्यावर अंधार पडला म्हणजे खेळ संपे. येथें दिव्यांचा उजेड असल्यामुळें वेळ घड्याळावर ठरवावी लागली. तळ्यावर प्रेक्षक असले काय नसले काय सारखेंच. येथें ते तिकिटें दाखवून आंत येत. बर्फावरील हॉकीला जें विशिष्ट रूप आलें तें या भिंतींमुळें आलें, आणि त्या भिंतींत तिला आणून बसविणारा क्रेटन होता. व्हिक्टोरिया रिंकचें तें २०४ बाय ८० फुटांचें माप इतकें रूढ झालें कीं, आज अमेरिकेंतील व कॅनडांतील धंदेवाईक सामने ज्या आंगणावर होतात त्याचें माप २०० बाय ८५ फूट आहे. आंगण बांधणाऱ्या त्या कारागिरांच्या मनांत हॉकीचा विचारही आला नसेल.

दोन वर्षांनीं, फेब्रुवारी १८७७ मध्यें, ‘गॅझेट’नें या खेळाचे नियम छापले. ते अवघे सात. त्यांची जुळणी करण्याचें श्रेय इतिहासकार क्रेटनकडे देतात. हे नियम वाचतांना अभ्यासकाला एक मौजेची गोष्ट दिसते. बर्फावर चकती आली होती तरी नियमांत शब्द आहे तो ‘चेंडू’. आणि खेळाची सुरवात करावयाची ती ‘मैदाना’च्या मध्यभागीं! इतकेंच नव्हे, तर बचाव करणाऱ्यांकडून चेंडू गोलाच्या रेषेमागें गेला तर प्रतिपक्षानें कोंपऱ्यांतून टोला मारावा, असाही नियम आहे. हें सर्व इंग्लंडांतील मैदानी हॉकीच्या १८७५ सालच्या नियमांवरून जवळजवळ जसेंच्या तसें उतरून घेतलें होतें. काठी खांद्याच्या वर उचलूं नये, पाठीमागून धक्का देऊं नये, पाय घालून पाडूं नये, पकडून ठेवूं नये, नडगीवर मारूं नये, वाद पडल्यास पंचांनीं निवाडा करावा. यांपैकीं एकही कल्पना नवी नव्हती. आपल्या बाजूच्या गड्यानें मारलेली चकती त्याच्या पुढें असलेल्या गड्यास घेतां येऊं नये, हा नियमही जुन्या खेळांतलाच होता. परंतु तो बर्फावर पन्नासांहून अधिक वर्षें टिकला. अमेरिका-कॅनडांतील प्रमुख धंदेवाईक संघानें पुढें चकती देण्याची पूर्ण मोकळीक सर्व आंगणभर दिली ती १९२९–३० च्या हंगामांत. त्याच हंगामानंतर थोड्याच आठवड्यांनीं क्रेटनचा देहान्त झाला.

येथें आक्षेपक म्हणेल, “पाहा, खेळ दुसऱ्यांचा, काठ्या मिकमाकांच्या, नियम इंग्रजांचे, इमारत मंडळाची, मग क्रेटनचें असें काय?” हा आक्षेप पूर्वींही घेतला गेला आहे. किंग्स्टनच्या अभिमानी मंडळींनीं, आमच्या शहरांतील शिपायांनीं १८५५ च्या सुमारास बंदराच्या बर्फावर हा खेळ सुरू केला, असा दावा मांडला, आणि तो इतक्या हिरीरीनें मांडला कीं १९४३ सालीं या खेळाच्या कीर्तिमंदिरासाठीं प्रथम किंग्स्टनचीच निवड झाली. त्या काळांत १८७५ च्या सामन्यांत क्रेटनच्या बाजूनें खेळलेला हेन्री जोसेफ हा गृहस्थ वृद्धावस्थेंत हयात होता. त्यानें आपल्या आठवणी सांगितल्या, आणि माँट्रियलच्या हॉकीचा खरा चालक क्रेटन होता अशी साक्ष दिली. ती साक्ष नसती तर आज कदाचित् हें नांव जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांतच राहिलें असतें.

माझ्या मतें आक्षेपाचें उत्तर असें आहे. क्रेटनच्या हातीं जें आलें तें सारें जुनें होतें हें खरें. परंतु तें सारें एकत्र कोठेंच नव्हतें. डार्विनच्या तळ्यावरचा खेळ तळें वितळतांच संपला. त्याचा दुसरा दिवस पहिल्याशीं जोडलेला नव्हता. किंग्स्टनच्या शिपायांची पलटण हललीं कीं खेळही हलला. माँट्रियलला मात्र १८७५ च्या सामन्यापाठीमागें १८७६ चा आला, १८७७ चे नियम आले, त्याच वर्षीं मॅक्गिल विद्यापीठाचा हॉकी संघ निघाला, १८८३ च्या हिंवाळी उत्सवांत चुरशीचे सामने भरले, आणि १८८६ मध्यें अनेक संघांची मिळून संघटना झाली. नऊ गड्यांचे सात झाले, सातांचे पुढें सहा झाले. परंतु साखळी तुटली नाहीं. छापलेल्या नियमाचा गुण हाच कीं तो ज्याला ठाऊक नाहीं त्यालाही शिकतां येतो, आणि ज्याला पटत नाहीं त्याला बदलतां येतो. तोंडीं चालत आलेल्या रीतीशीं वाद घालतां येत नाहीं. लिहिलेल्या कलमाशीं घालतां येतो. खेळ तेथून पुढें वाढूं शकला तो यामुळें.

तथापि या भिंतींच्या बाहेर कोण राहिलें हेंही सांगितलें पाहिजे, नाहीं तर इतिहास एकांगी होईल. व्हिक्टोरिया रिंकचे सभासद हे शहरांतील इंग्रजी बोलणारे सुस्थितींतले गृहस्थ होते. काठी तासणारा मिकमाक कारागीर त्यांत नव्हता. क्रेटनच्या जन्मगांवीं, हॅलिफॅक्स येथें, १८९५ सालीं कृष्णवर्णीय तरुणांनीं स्वतःची निराळी संघटना काढिली, कारण गोऱ्यांच्या संघांत त्यांना वाव नव्हता. या संघटनेची हकीकत तर क्रेटनच्या थडग्याहूनही अधिक काळ उपेक्षित राहिली. नियमामुळें खेळ सर्वांस शिकतां येऊं लागला, परंतु आंगणाचें दार सर्वांस लगेच उघडलें नाहीं; या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

क्रेटन स्वतः मात्र खेळाच्या कीर्तीसाठीं थांबला नाहीं. इंजिनियरिंग सोडून त्यानें मॅक्गिल विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास केला, १८८० सालीं पदवी मिळविली आणि १८८२ सालीं तो ऑटावा येथें कॅनडाच्या सीनेटचा कायदा-लेखनिक झाला. या पदावर तो मरेपर्यंत, म्हणजे ४८ वर्षें, होता. विधेयकाचा मसुदा तपासणें, दुरुस्त्यांची भाषा बिनचूक करणें, एका कलमाचा दुसऱ्याशीं विरोध येऊं न देणें हें अशा अधिकाऱ्याचें काम. कायद्यावर नांव मंत्र्याचें पडतें, वाद सभासद करतात; मसुदा नीट बसविणाऱ्याचें नांव कोणीही विचारीत नाहीं. ऑटावांतही त्यानें हॉकी सोडली नव्हती. गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांचे मुलगे ‘रिडो रेबल्स’ नांवाच्या ज्या हौशी संघांत खेळत त्यांत पार्लमेंटाशीं संबंधित मंडळीही असत, आणि क्रेटन त्यांतील एक होता. मुलांच्या या नादामुळें वडिलांनाही खेळाची गोडी लागली होती. १८ मार्च १८९२ रोजीं ऑटावा येथील एका मेजवानींत लॉर्ड स्टॅन्ले यांच्या वतीनें एक चषक देण्याचें जाहीर झालें, आणि १८९३ सालीं तो प्रथम माँट्रियलच्या संघास मिळाला. स्टॅन्ले चषक तो हाच. विजयी खेळाडूंचीं नांवें त्यावर कोरण्याची प्रथा असून पुढें पुढें नांवांसाठीं जागा पुरेना म्हणून त्याला खालीं नवीं कडीं जोडावीं लागलीं. त्या शेंकडों नांवांत क्रेटनचें नांव नाहीं; त्या चषकासाठींची स्पर्धा सुरू झाली तेव्हां त्यानें चाळिशी ओलांडली होती.

म्हणजे या मनुष्यानें आयुष्यांत दोन कामें केलीं आणि दोन्ही एकाच जातीचीं निघालीं. तरुणपणीं एका दांडगट खेळाला कलमें बांधून दिलीं; उरलेल्या आयुष्यांत एका नव्या राष्ट्राच्या कायद्यांचीं कलमें नीट केलीं. अशा कामाचें यश यांतच असतें कीं तें कोणाच्या लक्षांत येऊं नये. काठी खांद्यावर उचलली म्हणून पंच शिटी वाजवितो तेव्हां प्रेक्षक पंचावर चिडतो. तो नियम कोणीं लिहिला हें त्याच्या मनांतही येत नाहीं. गोल करणाऱ्याचें नांव लोक घेतात तें योग्यच आहे. परंतु गोल झाला कीं नाहीं हें ज्या रेषेवरून ठरतें ती रेषा कोणीं तरी आंखलेली असते, आणि आंखणाराची आठवण ठेवण्यासाठीं समाजाला मुद्दाम श्रम करावे लागतात. ती आपोआप राहत नाहीं.

ते श्रम करणारे लोक २००९ सालीं निघाले. त्यांपैकीं बहुतेक जुनीं वर्तमानपत्रें हौसेनें चाळणारे, तारखा व नांवें पडताळून पाहणारे असे साधे संशोधक होते. पंतप्रधान हार्पर यांनाही त्या नादानें पछाडलें होतें. पुढें २०१३ सालीं त्यांनीं स्वतः जुन्या हॉकीच्या इतिहासावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बीचवुडमधील त्या जागेवर आतां दगड आहे, त्यावर नांव आहे, आणि शेजारीं पत्नीचेंही आहे. हिंवाळ्यांत तोही, भोंवतालच्या सर्व दगडांप्रमाणें, बर्फाखालीं जातो.